हृदयविकार हा फक्त शेठजींचा रोग नव्हे



"हार्ट अ‍ॅटॅक म्हणजे गादीवर बसून खाणाऱ्या शेठजींचा रोग. रानात राबणाऱ्याला तो कशाला होतोय?" असे आपल्यातले पुष्कळजण आजही म्हणतात. ही समजूत किती घातक आहे, हे फिनलंड देशातल्या शेतकऱ्यांच्या उदाहरणावरून दिसते.

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीलगत उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. त्या काळी तिथली वस्ती सुमारे १ लाख ८० हजार. जंगलात लाकूड तोडायचे, गाई पाळायच्या, दूध-लोणी विकायचे, हा तिथला धंदा. माणसे काटक, कष्टाळू. तरीसुद्धा १९५८ साली सुरू झालेल्या सात देशांच्या पाहणीत हृदयविकाराचे प्रमाण पूर्व फिनलंडच्या पुरुषांतच सर्वांत जास्त निघाले. ऐन उमेदीतले कर्ते पुरुष जात होते. कष्टाने अंग घट्ट होते हे खरे, पण नुसत्या कष्टाने रक्तवाहिन्या वाचत नाहीत.

१९७१ च्या जानेवारीत तिथल्या लोकांच्या प्रतिनिधींनी सह्यांचा अर्ज करून सरकारकडे मदत मागितली. १९७२ साली काम सुरू झाले. प्रमुख होते पेक्का पुस्का नावाचे अगदी तरुण डॉक्टर. पाहणीत दिसले ते असे : दहातले नऊजण पावावर लोणी थापून खात, निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढत, जेवणात मीठ भरमसाट आणि वाढलेल्या रक्तदाबावर औषधपाणी नाही.

डॉक्टरांनी दवाखान्यात बसून वाट पाहिली नाही. गृहिणींच्या मार्था संघटनेला हाताशी धरून गावोगाव कमी चरबीचा स्वयंपाक करून दाखवला. दुकानदार, शाळा, कारखाने सगळे कामाला लावले. परिचारिकांनी रक्तदाब तपासून नोंदी ठेवल्या. परिणाम असा की, चाळीस वर्षांत तिथल्या काम करत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. पुढे नवी औषधे आली, त्यांचाही यात वाटा आहे. पण सुरुवातीची मोठी घट खाणे, तंबाखू आणि रक्तदाब यांवरच्या कामातून आली.

आता आपल्या वर्माची गोष्ट. तो प्रांत लोण्यावर जगणारा, आणि डॉक्टर सांगतात लोणी कमी खा! दूधधंद्यातून विरोध झाला, तो होणारच. तरी वाट निघाली. कमी स्निग्धांशाचे दूध बाजारात आले, तिथल्या थंडीत येणारे मोहरीच्या जातीचे तेलबी पीक वाढले, काही शेतकरी बोरीसारख्या छोट्या फळांच्या लागवडीकडे वळले. धंदा बुडाला नाही आणि माणसेही वाचली.

आपण साखर पिकवणारे लोक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी उष्णता एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. साधारण माणसाला हे दिवसाला ५० ग्रॅम, म्हणजे दहा-बारा चहाचे चमचे. गूळ आणि मधसुद्धा त्याच हिशेबात. पाहुणा आला की चहा, बैठक बसली की चहा, वर लग्नातली जिलेबी. मोजून बघा, हिशेब कुठे जातोय ते! साखरेच्या पत्रिकेत हे छापायला काहीजणांना बरे वाटणार नाही. पण आपल्या उसापासून आता इथेनॉल होते, वीज होते. सभासदाने दोन चमचे साखर कमी खाल्ली म्हणून कारखान्याचे गाळप थांबत नाही. सभासदच गेला तर ऊस कोण लावणार?

मिठाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढेच पुरे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ त्यातच धरायचे. तंबाखूची पुडी आणि मिश्री तर सोडूनच द्यायची. "ओढत नाही, नुसती दाढेला धरतो" ही सबब काळजापुढे चालत नाही.

रक्तदाबाचे दुखणे मुके असते. पाइपलाइनवर दाब वाढला तर फुटेपर्यंत वरून काही कळत नाही, तसेच हे. दोन-तीन वेळा मोजून १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आला तर डॉक्टरांना गाठावे, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम असे झाले तर "गॅस असंल" म्हणून ओवा चावत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

माझे म्हणणे एवढेच की, हे काम एकेकट्याच्या घरावर सोडू नये. सहकाराची यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. ऊस नोंदीच्या वेळी प्रत्येक गट ऑफिसात रक्तदाब मोजायचे यंत्र ठेवावे आणि सभासदाबरोबर घरच्या बाईमाणसाचाही दाब मोजावा. गाळप हंगामात तोडणी कामगारांच्या तळावर हीच सोय व्हावी. त्यांच्या कष्टावर हंगाम उभा आहे, त्यांना विसरून चालणार नाही. कारखान्याच्या कार्यक्रमांत बिनसाखरेचा चहा मागेल त्याला मिळावा, आणि पान-तंबाखूचे तबक कायमचे बंद व्हावे.

येत्या वार्षिक सभेत उसाच्या दरावर आपण तावातावाने बोलणारच, बोललेच पाहिजे. त्याच सभेत या विषयाचाही एक ठराव यावा. सूचक आणि अनुमोदक सभासदांतूनच उभे राहावेत.