संकर की सोयरीक? : मार्सेयमधील रॅगामफिन आणि स्थानिकतेचा प्रश्न

सांस्कृतिक समीक्षेतील काही संज्ञा आरंभी प्रश्न निर्माण करतात आणि रुळल्यानंतर प्रश्न मिटवण्याच्या कामी येतात. 'संकर' ही अशी संज्ञा आहे. न्यूयॉर्कचे हिप-हॉप, जमैकाचे डान्सहॉल आणि एखाद्या प्रदेशाची बोली एकत्र आली की तिचा हमखास उच्चार होतो. एक पक्ष तो कौतुकाने करतो : सीमा पुसल्या, संस्कृती परस्परांत मिसळल्या. दुसरा पक्ष तोच शब्द आरोप म्हणून वापरतो : परका घाट आला, देशी आशय बाटला. दोघांचे गृहीतक मात्र एकच असते. 'स्थानिक' असे काहीतरी आधीच पूर्णपणे घडलेले होते आणि बाहेरचे काहीतरी नंतर त्यात येऊन पडले, असे दोघेही मानतात. दक्षिण फ्रान्समधील मार्सेय या बंदरात १९८०च्या दशकापासून जे घडले त्यापुढे हे गृहीतक टिकत नाही.

मुळात हिप-हॉप आणि डान्सहॉल ही एकमेकांस अनोळखी द्रव्ये नव्हेत. १९५०च्या दशकापासून किंग्स्टनच्या वस्त्यांत 'साउंड सिस्टिम' चालत असत : मोठे ध्वनिवर्धक, तबकड्या आणि तबकडी वाजत असताना मायक्रोफोनवर बोलणारा 'डीजे'. १९७० साली यू-रॉयच्या तबकड्यांनी 'टोस्टिंग' नावाच्या या बोलण्याला ध्वनिमुद्रित कलाप्रकाराची प्रतिष्ठा दिली. किंग्स्टनमध्ये १९५५ साली जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल १९६७ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. 'कूल हर्क' या नावाने त्याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी जेथे तबकड्या वाजवल्या तो समारंभ हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. तेव्हा पुढे हे दोन प्रकार जेथे एकत्र आले तेथे विजातीयांचे मिश्रण झाले असे म्हणण्यापेक्षा दुरावलेली भावंडे भेटली असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून होईल.

डान्सहॉलची रचनाही या संदर्भात पाहिली पाहिजे. तिच्या तळाशी 'रिडिम' असतो, म्हणजे ताल आणि खर्ज यांची ठरलेली बैठक. एका चालीवर अनेकांनी पदे रचावीत तसे एका रिडिमवर अनेक गायक आपापले शब्द बसवतात आणि त्यात कोणी चोरी पाहत नाही. १९८५ साली वेन स्मिथ आणि प्रिन्स जॅमी यांनी गाजवलेला 'स्लेंग टेंग' हा रिडिम कॅसिओ कंपनीच्या लहानशा वाद्यात आधीच भरून ठेवलेल्या तालावर उभा आहे. डान्सहॉलचे संगणकीय युग येथून सुरू होते. परंपरेचा अस्सल पाया खणू पाहणाऱ्याच्या हाती येथे जपानी कारखान्यातले वाद्य लागते. असा घाट प्रवासाला निघतो तो आशय घेऊन निघत नाही. तो एक रिकामी जागा घेऊन निघतो. त्या जागी जो उभा राहील त्याने आपल्या वस्तीविषयी, आपल्या बोलीत, समोरच्या माणसांशी बोलावे एवढीच त्याची अट असते.

ही अट मार्सेयमध्ये कोणत्या भूमीवर पडली? ४ जून १७९४ रोजी आबे ग्रेग्वार याने फ्रेंच राष्ट्रीय परिषदेपुढे एक अहवाल ठेवला. 'पात्वा' नष्ट करून फ्रेंच सार्वत्रिक करण्याची गरज आणि साधने हा त्याचा विषय होता. किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्राची भाषा मुळीच येत नाही, असा त्याचा अंदाज होता. त्रुबादूर कवींची, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील एका समृद्ध काव्यपरंपरेची, ऑक्सितान भाषा या व्यवहारात 'पात्वा' म्हणजे गावंढळ बोलणे ठरली. पुढे शाळेत ती बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची खूण अडकवली जाई. या लज्जेला त्या भाषेत 'वेर्गोन्या' असे नावच आहे. जमैकातही सर्वसामान्यांची भाषा 'पात्वा' या नावानेच ओळखली जाते आणि तिला दीर्घकाळ मोडकी इंग्रजी समजले गेले. कामाउ ब्रेथवेट यांनी 'हिस्ट्री ऑफ द व्हॉइस' (१९८४) या पुस्तकात 'राष्ट्रभाषा' ही संकल्पना मांडली ती या अवहेलनेला उत्तर म्हणून. आपल्याकडे त्या शब्दाला चिकटलेला सरकारी अर्थ येथे अभिप्रेत नाही. गुलामगिरीतून आणि श्रमातून घडलेली, मोठ्याने उच्चारल्यावाचून पूर्ण न होणारी जनांची वाणी असा तो अर्थ आहे.

मार्सेयच्या 'मासिलिया साउंड सिस्टिम' या वृंदाने १९९२ साली 'पार्ला पात्वा', म्हणजे 'पात्वा बोल', या नावाचा संग्रह काढला. त्याच वर्षी 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' असे वाक्य फ्रान्सच्या राज्यघटनेत घालण्यात आले. या शीर्षकात एकच शब्द दोन अपमानांचा वारसा वाहतो. किंग्स्टनचा तरुण आपल्या पात्वात ताठ मानेने बोलतो हे ऐकल्यावर मार्सेयच्या तरुणाला आपल्या आजीच्या पात्वाची लाज वाटेनाशी होते. येथे जमैकाने स्थानिक अस्मिता झाकोळली असे म्हणता येत नाही. स्थानिक भाषा चारचौघांत उच्चारण्याची मुभाच त्या दूरच्या बेटाने मिळवून दिली.

याच वर्तुळाच्या साह्याने १९९० साली 'आयएएम' या रॅप-वृंदाची 'कॉन्सेप्ट' ही ध्वनिफीत निघाली. हा वृंद फ्रेंचमध्ये रॅप करतो, मार्सेयला 'मार्स' म्हणजे मंगळ म्हणतो आणि प्राचीन इजिप्तची नावे धारण करतो. एकाच बंदरात एक गट ऑक्सितानकडून आणि दुसरा इजिप्तच्या कल्पनेतून 'इथला' होतो, यावरून स्थानिकता ही सापडणारी वस्तू नसून करावयाची कृती आहे हे ध्यानात यावे. साहित्यानेही ही कृती ओळखली. गलबतावरील वल्हेकऱ्यांसाठी असलेला 'शुर्मो' हा जुना प्रोव्हांसाल शब्द मासिलियाने १९९३ साली आपल्या संग्रहाला दिला आणि १९९६ साली ज्यां-क्लोद इझो यांनी तो आपल्या कादंबरीचे शीर्षक केला. गाण्याच्या चळवळीतून एक मृतप्राय शब्द अशा रीतीने फ्रेंच कादंबरीत परतला.

या घटिताला 'संकर' म्हणण्याने काय हरवते ते आता स्पष्ट व्हावे. होमी भाभा यांच्या लेखनात ही संकल्पना वसाहतवादी अधिकाराला आतून पडणारी भेग दाखवते. तिच्यासाठी सत्ताधारी आणि सत्तांकित असे दोन ध्रुव लागतात. किंग्स्टन आणि मार्सेय यांच्यात असा संबंध नाही. दोन पडक्या घरांनी वाड्याला वगळून आपसात केलेला हा व्यवहार आहे. शिवाय मराठीत 'संकर' हा शब्द वर्णसंकराची भीती पाठीवर घेऊन येतो. शुद्धीची कल्पना नाकारणाऱ्या विचारासाठी शुद्धीच्याच कोशातून शब्द निवडला गेला आहे. त्यापेक्षा 'सोयरीक' हा शब्द जवळचा वाटतो. सोयरिकीत दोन्ही घरे उरतात, देणेघेणे उघड असते आणि नाते निवडलेले असते. हा शब्दही आपल्याकडे जातीच्या कुंपणात वाढला आहे हे खरे. म्हणूनच रूढी जेथे सोयरीक होऊ देत नाही तेथे ती जुळल्याचे सांगण्यासाठी तो वापरावा.

ही सोयरीक तशी जुनीही आहे. क्लॉड मॅके या जमैकन कवीने १९१२ साली पात्वातील कवितांचे दोन संग्रह प्रसिद्ध केले आणि १९२९ सालची 'बँजो' ही त्याची कादंबरी मार्सेयच्या जुन्या बंदरातील कृष्णवर्णीय खलाशांची व भटक्यांची आहे. मासिलियातील तातू या गायकाने पुढे काढलेल्या दुसऱ्या वृंदाची प्रेरणा हीच कादंबरी होती.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला बाजाराचा : रेगेच्या तबकड्या लंडन-न्यूयॉर्कच्या व्यापारी वाटांनीच मार्सेयला पोहोचल्या. हे मान्य करावे लागते. पण वाट कोणाची हे सांगितल्याने प्रवासी काय बोलला ते कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : प्रदेशाभिमानाचे हे गाणे परक्यांच्या द्वेषाकडे वळणार नाही कशावरून? १९९५ साली याच भागातील तुलाँ, ओरांज आणि मारिन्यान या नगरपालिका आणि १९९७ साली व्हित्रोल ही नगरपालिका अतिउजव्या 'नॅशनल फ्रंट'ने जिंकल्या. त्यांचीही भाषा 'आपल्या मातीची'च होती. मासिलियाच्या वर्तुळावर प्रभाव असलेले विचारवंत फेलिक्स कास्तां (१९२०-२००१) यांचे उत्तर असे की, माणूस मातीचे उत्पादन नसतो, त्या मातीवर तो जी कृती करतो तिच्यातून घडतो. जमैकन घाटात ऑक्सितान गाणारा मार्सेयकर हे उत्तर ऐकवून दाखवतो. त्याच्या स्थानिकतेतून परके वजा केले तर गाणेच उरत नाही.

तिसरा आक्षेप भाषेच्या जगण्याचा आहे आणि त्याला गाण्याने उत्तर देता येत नाही. युनेस्कोच्या भाषा-नकाशात प्रोव्हांसाल गंभीर संकटात असलेल्या भाषांत मोडते. मैफलीत ओरडून म्हटलेले ध्रुवपद घरात मुलाशी बोलण्याची जागा घेत नाही. तथापि अभिजन साहित्याच्या मार्गाचेही फलित पाहावे. १८५४ साली फेलिब्रिज मंडळ स्थापन झाले, त्याचे अध्वर्यू फ्रेदेरिक मिस्त्राल यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्यानंतरच्या शतकात त्यांची भाषा घराघरांतून उठत गेली. शासनानेही २००८ साली घटनेत प्रादेशिक भाषांना फ्रान्सचा 'वारसा' म्हटले आणि २०२१ साली घटना परिषदेने या भाषांच्या माध्यमातून पूर्ण शिक्षण देण्याची तरतूद रद्द केली. भाषेला वारसा म्हणावे आणि वर्गाबाहेर ठेवावे, या धोरणाला संमिश्र संस्कृतीचे कौतुक करणारी समीक्षा अजाणता साथ देते. तिला आवाज रंगीत हवा असतो. तो कोणत्या हक्कासाठी लागला आहे हे तिने विचारलेले नसते.

१९८०च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेपासून मराठीत हा वाद ओळखीचा आहे. परके ते सारे त्याज्य असे ती मांडणीही म्हणत नाही. देशीकरणाची शक्यता तिला मान्य आहे. परंतु देशीकरण म्हटले की आधी देशी आणि मग त्यात पचवलेले परके असा क्रम मनात राहतो. मार्सेयचे उदाहरण हा क्रम उलटवते. तेथे परक्या घाटाने आधी तोंड उघडायला लावले आणि मग जे बाहेर पडले ते देशी ठरले. एखादा घाट कोठून आला याची नोंद समीक्षेने जरूर करावी. पण त्या घाटात कोण, कोणत्या भाषेत, कोणाच्या तोंडावर बोलू लागले आणि त्याआधी त्यांना गप्प कोणी केले होते, याचा शोध घेतल्यावाचून तिने त्यावर ना अस्सलपणाचा शिक्का मारावा, ना संकराचा.