धूमकेतू दाखवू नका, मोजून घ्या

हौशी खगोल संस्थांनी आता धूमकेतूंचा नाद सोडावा, असे म्हणणारे लोक संस्थांच्या बाहेरचे नाहीत, आतलेच आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. नवे धूमकेतू शोधण्याचे काम हवाई आणि चिलीतल्या स्वयंचलित दुर्बिणींनी केव्हाच आपल्याकडे घेतले आहे. जे सापडतात त्यांची छायाचित्रे घरबसल्या मोबाइलवर येतात आणि आपल्या दुर्बिणीतून जे दिसते त्याहून ती कैक पटींनी देखणी असतात. ‘शतकातला धूमकेतू’ अशी बातमी छापून येते, शेदोनशे माणसे मैदानावर जमतात, तासभर रांगेत उभी राहतात आणि दुर्बिणीला डोळा लावून ‘एवढासाच?’ म्हणत घरी जातात. या फजितीपेक्षा चंद्रावरची विवरे, गुरूचे उपग्रह, शनीची कडी दाखवावीत. ती बिचारी कधी दगा देत नाहीत. (२०२५ साली शनीची कडी धारेवरून दिसू लागल्याने जवळजवळ नाहीशी झाली होती, तेवढा अपवाद धरायचा.) या पूर्वपक्षातले बहुतेक तपशील खरे आहेत. निष्कर्ष मात्र उफराटा आहे. लोकशिक्षण हा संस्थेचा हेतू असेल, तर दगा न देणाऱ्या शनीपेक्षा दगा देणारा धूमकेतू कितीतरी अधिक कामाचा. अट एवढीच, की तो लोकांना नुसता दाखवायचा नाही, त्यांच्याकडून मोजून घ्यायचा.

फजितीचा इतिहास नाकारण्यात अर्थ नाही. मार्च १९७३ मध्ये लुबोश कोहोउतेक यांना हॅम्बुर्गच्या वेधशाळेत जो धूमकेतू सापडला, तो तेव्हा जवळपास गुरूच्या कक्षेइतका दूर होता. एवढ्या लांबून हा दिसतो, तर सूर्याजवळ आल्यावर काय थाट असेल, असे त्रैराशिक मांडले गेले. डिसेंबरअखेर तो सूर्याला वळसा घालून बाहेर आला, नुसत्या डोळ्यांनी दिसलाही, पण गाजावाजाच्या मानाने फिकाच. २०१३ मधल्या आयसॉनची तुलना काही जणांनी पौर्णिमेच्या चंद्राशी केली होती. २८ नोव्हेंबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १२ लाख किलोमीटरवरून गेला आणि जाताजाताच विरला. असे का होते, याचे कारण गूढ नाही. धूमकेतू पृथ्वीच्या जवळ आल्यामुळे तो किती उजळेल, हे गणिताने नेमके सांगता येते. सूर्याच्या जवळ आल्यामुळे किती उजळेल, हे मात्र त्याच्या अंगावर कोणते बर्फ किती आहे यावर ठरते, आणि तिथे सूत्रातला घातांक गृहीतच धरावा लागतो. सूर्यमालेच्या कडेच्या ऊर्टच्या मेघातून पहिल्यांदाच आत येणाऱ्या धूमकेतूवर कार्बन मोनॉक्साइडसारखे चटकन उडून जाणारे बर्फ असते. ते दूरवरच वाफाळू लागते, धूमकेतू अकाली उजळतो, आणि पाण्याच्या बर्फाची पाळी येते तेव्हा आधीचा जोर ओसरलेला असतो. उलटेही घडते. त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू सूर्यापाशी पोहोचण्याआधीच मोडून पडेल, असे भाकीत धूमकेतूंचे जाणते अभ्यासक झ्डेनेक सेकानिना यांनी जुलै २०२४ मध्ये केले होते. तो मोडला नाही. ऑक्टोबरात स्वाती आणि शुक्र यांच्या परिसरात, ऐन कोजागरीच्या चांदण्यातही तो पश्चिमेला शोधता येत होता.

आता लोकशिक्षणाच्या दृष्टीने याकडे पाहा. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगितली जाते आणि ती तंतोतंत खरी ठरते. सामान्य माणसाच्या लेखी त्यात आणि पंचांगात काय फरक? दोन्हीकडे कोणीतरी जाणकार सांगतो, आपण मान डोलावतो. विज्ञान म्हणजे न चुकणाऱ्या उत्तरांची पोथी, हा समज ग्रहणाच्या कार्यक्रमांतून पुसला जात नाही, उलट पक्का होतो. धूमकेतूच्या बाबतीत मात्र भाकीत उघडपणे चुकू शकते; ते किती प्रतींनी (प्रत म्हणजे उजळीचे माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू उजळ) चुकले हे मोजता येते, का चुकले असावे यावर वाद घालता येतो आणि पुढच्या आठवड्यात नव्या नोंदींवरून ते दुरुस्त झालेले पाहता येते. फलज्योतिषाचे भाकीत चुकले तर त्याचे माप कुणीच काढत नाही. दोहोंतला भेद व्याख्यान देऊन पटत नाही, हातात पेन्सिल दिली की पटतो.

ही पेन्सिल कशी वापरायची ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण रीत साधी आहे आणि आपल्या कार्यक्रमांत ती क्वचितच दिसते. लागते काय, तर सात बाय पन्नासची बायनॉक्युलर, आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेला नकाशा आणि अंधाराला सरावलेले डोळे. त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे मोबाइल खिशात ठेवावा लागतो, हाच काय तो कठीण भाग. धूमकेतूचा धुरकट गोळा किती मोठा आणि किती उजळ आहे हे आधी मनात ठसवायचे. मग बायनॉक्युलर जवळच्या ताऱ्याकडे वळवून तिचा फोकस मुद्दाम बिघडवायचा. तारा फुगत फुगत मघाच्या गोळ्याएवढा झाला की थांबायचे आणि दोहोंची उजळी ताडून पाहायची. समजा ५.२ प्रतीचा तारा धूमकेतूहून थोडा उजळ वाटला आणि ६.१ प्रतीचा बराच मंद. धूमकेतू पहिल्यापासून एक तृतीयांश अंतरावर बसतो असे वाटले, तर प्रत झाली ५.५. हे करताना माणसाला आणखी एक गोष्ट न सांगता कळते. सहाव्या प्रतीचा तारा दिसतो आणि सहाव्या प्रतीचा धूमकेतू त्याच आकाशात दिसत नाही, कारण ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा पसरलेला. तूप तेवढेच, भाकरी मोठी. ज्याने हे एकदा करून पाहिले, तो ‘एवढासाच?’ असे विचारत नाही. ‘काल पाच पॉइंट आठ होता, आज पाच पॉइंट पाच कसा?’ असे विचारतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, नवशिक्यांच्या अंदाजांना किंमत काय? एकाचा आकडा पाच, दुसऱ्याचा सहा. खरे आहे, पहिल्या रात्री अर्ध्या-एक प्रतीचा फरक पडतोच. पण हा फरक लपवण्याची नव्हे, फळ्यावर मांडण्याची गोष्ट आहे. प्रत्येकाने आपला आकडा दुसऱ्याचा न ऐकता चिठ्ठीवर लिहावा, मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र लावाव्यात. सरासरी म्हणजे काय, निरीक्षणातली त्रुटी म्हणजे काय, शेजाऱ्याचे ऐकून आपले मत कसे सरकते, हे सारे तिथे दिसते. संस्थेतल्या मुरलेल्या निरीक्षकांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात आणि स्लोव्हेनियातून चालणाऱ्या धूमकेतू निरीक्षणांच्या जागतिक संग्रहाकडे पाठवाव्यात. लोकांचे आकडे शिक्षणासाठी, मुरलेल्यांचे शास्त्रासाठी. यांची सरमिसळ करा असे कोणी म्हणत नाही.

यंत्रांचा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा आहे. असल्या दुर्बिणी अतिशय मंद वस्तू टिपायला बांधल्या जातात. बायनॉक्युलरमधून सहज दिसणारा धूमकेतू त्यांच्या संवेदकाला झेपतच नाही. शिवाय संधिप्रकाशात, क्षितिजालगत, सूर्याच्या शेजारी त्या सहसा पाहत नाहीत, आणि धूमकेतू ऐन भरात असतो तेव्हा नेमका तिथेच असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हिदेओ निशिमुरा या जपानी हौशी निरीक्षकाने पहाटेच्या आकाशात साध्या डिजिटल कॅमेऱ्याने आणि टेलिफोटो भिंगाने धूमकेतू शोधला, तो या फटीतूनच. ऑक्टोबर २००७ मध्ये होम्सचा धूमकेतू ययाति तारकासमूहात सतराव्या प्रतीवरून दोन दिवसांच्या आत तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला, म्हणजे सुमारे पाच लाख पटींनी. हा उद्रेक प्रथम लक्षात आला तो कॅनरी बेटांवरच्या एका हौशी निरीक्षकाच्या. रोझेटा यान ६७पी धूमकेतूच्या इतक्या जवळ होते की, त्याचा सगळा पसारा त्याला एका नजरेत दिसत नव्हता. तो पृथ्वीवरून पाहण्यासाठी व्यावसायिक शास्त्रज्ञांनी जगभरच्या हौशी मंडळींना हाताशी धरले. यावरून आपल्याकडच्या एखाद्या संस्थेने उद्या नवा धूमकेतू शोधावा, असा हट्ट मी धरणार नाही. चार महिने पावसाळा असलेल्या मुलखात ते अवघडच आहे. पण शोध यंत्रांनी लावला म्हणून निरीक्षण संपले, हे म्हणणे चुकीचे आहे.

उरतो तो सर्वांत सभ्य आणि म्हणूनच सर्वांत फसवा आक्षेप. धूमकेतू अशुभ नाही, तो बर्फ आणि धूळ यांचा गोळा आहे, एवढी माहिती लोकांपर्यंत पोहोचली की अंधश्रद्धेचे काम झाले. त्यासाठी व्याख्यान, पोस्टर, चित्रफीत पुरे. थंडीत कुडकुडत प्रती कशाला मोजायच्या? १९१० सालचा हॅले याला उत्तर देतो. त्या वर्षी वर्णपटावरून धूमकेतूत सायनोजेन हा विषारी वायू आढळला. ही बातमी खरी होती. मे महिन्यात पृथ्वी त्याच्या पिसाऱ्यातून जाणार होती, हेही शास्त्रज्ञांनीच सांगितले होते. या दोन शास्त्रीय माहित्यांच्या बेरजेतून युरोप-अमेरिकेत घबराट पसरली, लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या, ‘धूमकेतूच्या गोळ्या’ विकल्या गेल्या. माहिती कमी नव्हती. प्रमाणाचे भान कमी होते. पिसाऱ्यातला वायू प्रयोगशाळेतल्या चांगल्या निर्वातापेक्षाही विरळ असतो, हा आकडा ज्याच्या मनात बसला होता तो घाबरला नाही. शंभर वर्षांत फार काही बदलले आहे असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये ‘हिरवा धूमकेतू’ पाहायला निघालेल्यांना करडा डाग दिसला, कारण एवढ्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाही, ही साधी गोष्ट पोस्टरवर नव्हती. २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/अ‍ॅटलास परग्रहवासीयांचे यान असल्याच्या वावड्या उठल्या आणि त्या पसरवणारे अडाणी नव्हते. त्यांच्याकडे माहितीचा तोटा नव्हता. अशा माणसाला आणखी माहिती दिल्याने काय होणार? ज्याने स्वतः एखाद्या धूमकेतूची प्रत महिनाभर नोंदवली आहे, त्याला मात्र तो अनपेक्षितपणे उजळला म्हणजे इंजिन सुरू झाले असे वाटत नाही. धूमकेतू असे करतात हे त्याच्या वहीतच असते.

साधनांची अडचण सांगितली जाते, तीही तपासून पाहावी. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ सालची, मुंबईचे खगोल मंडळ सुरू झाले १९८५ साली, हॅले दाराशी आलेला असताना. या आणि अशा संस्थांनी हजारो लोकांना आकाश ओळखायला शिकवले ते वेधशाळांच्या बळावर नव्हे, गच्ची, सतरंजी आणि वांगणीसारख्या गावचा अंधार यांच्या बळावर. बायनॉक्युलर आणि वही त्याहून महाग नाही. शहरातल्या उजेडात धूमकेतू दिसला नाही, तर ‘अमुक प्रतीपर्यंतचे तारे दिसले, धूमकेतू दिसला नाही’ हीसुद्धा नोंद आहे, आणि प्रकाशप्रदूषणाविषयी दहा भाषणांपेक्षा ती अधिक बोलते. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेतला शोधही एका हौशी माणसाचाच आहे. आपल्या वाचकांना ही कल्पना कधी परकी वाटली नाही.

म्हणून संस्थांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. पुढचा बरा धूमकेतू आला की पत्रकावर दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्याने तासन्‌तास टिपलेले रंगीत चित्र छापू नका. बायनॉक्युलरमधून जे दिसणार आहे त्याचे पेन्सिलीने काढलेले चित्र छापा. भाकीत केलेली प्रत लिहा आणि ते चुकू शकते हेही त्याच ओळीत लिहा. एकच रात्र न ठेवता पंधरा दिवसांत तीन रात्री ठेवा, येणाऱ्याच्या हाती नकाशा आणि कोरी चिठ्ठी द्या. गर्दी निम्म्यावर येईल. येऊ द्या.