हाँगकाँगची परकी न्यायभाषा

शेकडा नव्वदांहून अधिक प्रजा चिनी बोलणारी, आणि १९७४ पर्यंत राजभाषा मात्र एकटी इंग्रजी! विद्यार्थ्यांनी चळवळ उभारली तेव्हा कुठे हाँगकाँगच्या गोऱ्या सरकारने चिनीला दर्जा दिला. पण कायदे इंग्रजीतच राहिले. ते दोन्ही भाषांत करण्याची तरतूद १९८७ साली झाली आणि जुन्या कायद्यांचा अनुवाद पुरा झाला थेट १९९७ मध्ये, वसाहतीचा गाशा गुंडाळताना.

चिनीला कायद्याची नेमकी परिभाषा नाही, हा त्यावरचा युक्तिवाद. इ.स. ६५३ मध्ये तांग राजवटीची दंडसंहिता ज्या भाषेत सिद्ध झाली, तिच्याविषयी हे बोलणे! शिवाय चिनी रूढीनुसार उपपत्नी ठेवण्याची प्रथा याच वसाहतीचा कायदा १९७१ पर्यंत मान्य करीत होता. श्रीमंतांच्या सोयीची चिनी रूढी चालत होती. चालत नव्हती ती गरिबाची जबान.

आरोपी कामगार कँटनीजमध्ये बोले, दुभाषा ते इंग्रजीत सांगे आणि नोंद होई दुभाष्याच्या वाक्याची. अपिलात तेच वाचले जाई. ‘ढकलले’चे ‘मारले’ झाले, तर तुरुंगात दुभाषा थोडाच जाणार होता! आज दोन्ही पाठ कायद्याने समान आहेत. वरिष्ठ न्यायालयांत वरचष्मा अजून इंग्रजीचाच आहे.