सेवेला मुक्काम लागतो

परदेशातल्या चर्चमधून दोन-तीन आठवड्यांसाठी ‘मिशन’वर निघणाऱ्या तरुणांच्या तुकड्या आता जगभर फिरतात. त्यांचा दिवस बहुधा सारखाच असतो. सकाळी प्रार्थना आणि बायबलवाचन, न्याहारी, मग शाळेच्या भिंती रंगवणे किंवा विटा वाहणे, दुपारी मुलांचे खेळ आणि गाणी, कुठे आरोग्य शिबिरात मदत, रात्री दिवसभराच्या अनुभवांवर चर्चा. शेवटच्या दिवशी बाजार, फोटो आणि निरोप. या मुलांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. आपली सुटी आणि पैसा खर्चून ती येतात. पण ज्या गावात ती येतात, त्या गावाच्या पदरात काय पडते, हे विचारायलाच हवे. माझे मत असे की परक्या मुलखात केलेल्या सेवेचे मोल मुक्कामावर ठरते. ज्याला गावाची बोली येत नाही, ज्याने तिथला एक पावसाळाही काढलेला नाही आणि आपल्या चुकीचे परिणाम पाहायला जो थांबणार नाही, त्याने गावाचे काम ठरवू नये. ही कसोटी मिशनला लागू आहे, तशीच पूर्व विदर्भातल्या तिरोड्यासारख्या तालुक्यात शिबिरे भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, कंपनीला आणि महाविद्यालयालाही लागू आहे.

याचा पुरावा विदर्भाला दूर शोधावा लागत नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. या अठरा वर्षांत त्यांनी शाळा चालवली, मराठीत प्रवचने दिली, खेडोपाडी हिंडून इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले आणि गोंडांची लिंगो-गाथा टिपून घेतली. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली आणि मध्य भारतातल्या आदिवासींच्या अभ्यासात ती पायाभूत ठरली. अहमदनगरच्या मिशनरी सिंथिया फरार यांचेही तसेच. १८२७ मध्ये त्या अमेरिकेहून मुंबईला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती आणि तिचा उल्लेख त्यांनी पुढे आवर्जून केला. चार दिवसांच्या पाहुणीला अशी शाळा उभी करता आली नसती. आईबापांनी मुलीला शाळेत धाडावे यासाठी त्यांचा विश्वास लागतो, आणि तो वर्षानुवर्षे शेजारी राहिल्यावरच मिळतो.

उलट बाजूचा पुरावा होंडुरासचा आहे. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने त्या देशात हजारो घरे पाडली. उत्तर अमेरिकेतल्या चर्चची मंडळी घरे बांधायला तिथे गेली. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने, जे स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयात शिकवत होते, पुढे त्या कुटुंबांना भेटून माहिती घेतली. स्थानिक लोकांनी बांधलेल्या घराला सुमारे दोन हजार डॉलर लागत होते. पाहुण्यांच्या तुकडीने बांधलेल्या घरामागे विमानभाड्यासह सुमारे तीस हजार डॉलर खर्च होत होते. घरात राहणाऱ्यांच्या जगण्यात मात्र दोन्हीकडे फरक आढळला नाही. तेवढ्या पैशात पंधरा घरे उभी राहिली असती आणि तिथल्या गवंड्यांना मजुरीही मिळाली असती.

यावर पहिला आक्षेप असा की डॉक्टरांचे काय? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका दिवसात होते, तिला बोली कशाला यावी लागते? आक्षेपात तथ्य आहे. कुशल हातांनी थोडे दिवस येऊन केलेले काम उपयोगी पडते. पण ते तेव्हाच, जेव्हा आधी रोगी निवडायला आणि नंतर पट्टी सोडायला कुणीतरी तिथे असते. मिरजेला मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. तीन वर्षांनी त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू केले, कारण त्यांच्यामागे काम चालवणारे इथलेच लोक हवे होते. ते १९२८ मध्ये निवृत्त झाले, काम पुढे चालू राहिले. आपल्या भागाचा विचार केला, तर शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात. पण तापाचे आणि सर्पदंशाचे दिवस धानाच्या रोवणीचे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. एका शिबिरात रक्त तपासून आजार कळतो, उपचार मात्र जन्मभर घ्यावे लागतात.

दुसरा आक्षेप, क्षणभराच्या भेटीनेही आयुष्य बदलते. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला जात असताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारी ती वाट तिरोड्यावरूनच जाते. पण त्या भेटीने फक्त सुरुवात झाली. पुढचे वाचन, शंका आणि पत्रव्यवहार बराच काळ चालला. त्यांच्याशी संवाद ठेवणारे मिशनरी जस्टिन अ‍ॅबट हे मराठीत इतके मुरलेले होते, की त्यांनी पुढे मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेली. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तो या दीर्घ विचारानंतर.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: मुक्काम वाढला की धर्मांतराचा दबाव वाढेल. तिरोडा तेव्हा ज्या भंडारा जिल्ह्यात होता, तो जुन्या मध्य प्रदेशात असताना १९५४ मध्ये सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ च्या अहवालात तिने मिशनऱ्यांच्या कामावर कठोर ठपका ठेवला. दवाखाना किंवा शाळा धर्माच्या अटीवर मिळत असेल, तर तो अन्यायच आहे. मात्र लपवाछपवी थोड्या दिवसांच्या फेरीत अधिक सोपी असते. वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाला गाव ओळखते, तपासते आणि जाबही विचारते. पाहुणा निघून गेल्यावर जाब कुणाला विचारणार?

मुक्कामाचे सर्वांत चांगले फळ कोणते, ते जामखेडने दाखवले. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य अमेरिकेत शिकून परतले आणि १९७० मध्ये जामखेडला स्थायिक झाले. गावातल्या अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य सेविका केले. बाळंतपण, पाणी आणि पोषण यांची जबाबदारी त्या बायकांनी पेलली आणि बालमृत्यू कमी झाले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे सेवा करणाऱ्याने स्वतःची गरज हळूहळू कमी केली, आणि मला वाटते, सेवेची खरी परीक्षा तीच.

म्हणून बाहेरून येणाऱ्याला दार बंद करू नये, पण ग्रामसभेने तीन अटी घालाव्यात. काम गाव ठरवील. कौशल्य घेऊन येणारा दरवर्षी त्याच गावी येईल आणि इथल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला ते शिकवील. आणि जे काम गावातला गवंडी, रंगारी किंवा आशा सेविका करू शकते, त्यासाठी पाहुण्यांचे हात नकोत. त्या प्रवासाचा पैसा गावच्या मजुरीत पडावा. ज्याला या अटी मान्य असतील तो कोणत्याही धर्माचा, कोणत्याही देशाचा असो, गावाने त्याचे स्वागत करावे. ज्याला मान्य नसतील, त्याने सेवेचे नाव न घेता सरळ पर्यटक म्हणून यावे. पर्यटकाचेही आपण आदरातिथ्य करू.