मायनिंग सॉफ्टवेअरवर अँटिव्हायरसचा इशारा. खरा की खोटा, ओळखायचं कसं?

क्रिप्टो मायनिंगचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं की अनेकदा अँटिव्हायरस धोक्याचा इशारा देतो. 'मोनेरो' या चलनासाठी वापरलं जाणारं 'एक्सएमरिग' हे त्याचं ठळक उदाहरण.

इशारा का येतो?
एक्सएमरिगचा कोड सर्वांसाठी खुला आहे. मात्र, हॅकर हेच सॉफ्टवेअर इतरांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप बसवतात. वीजबिल मालकाचं, कमाई हॅकरची. त्यामुळे अँटिव्हायरस सरसकट अडवतो.

धोका कुठे?
इशारा खोटाच असणार, असं मानून अँटिव्हायरस बंद केला, की भेसळ केलेली फाइलही विनाअडथळा आत शिरते.

तपासायचं कसं?
फाइलवरून काढलेला 'हॅश' हा तिचा जणू अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरोच्या अधिकृत वेबसाइटवरच पैसे चोरणारी वॉलेट फाइल ठेवली गेली होती. एका वापरकर्त्याला हॅश जुळला नाही, म्हणून ती पकडली गेली.

एवढं पुरेसं आहे?
नाही. वेबसाइटवरचा हॅशही हॅकर बदलू शकतो. त्यामुळे डेव्हलपरची डिजिटल सही तपासणं महत्त्वाचं. तीही जुळली, तर फाइल मूळ आहे इतकंच कळतं. मूळ कोड कोणी तपासला, हा प्रश्न उरतोच.