शेवाळाला मारू नका, कामाला लावा!

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवलाय कधी? निदान ठेवणारा एखादा मित्र तरी असेल. मग 'ती' सकाळ तुम्हाला माहीत असणार.

महिना-दोन महिने सगळं झकास चाललेलं असतं. निळा लाइट, दोन क्लाउनफिश, खडकावर डोलणारं मऊ प्रवाळ. घरी येणारा प्रत्येक जण आधी टँकचा फोटो काढतो, मग चहा घेतो. आणि एक दिवस उठून बघावं तर काचेवर हिरवी साय. चार दिवसांनी खडकावर केसांसारखं शेवाळ. पंधरा दिवसांनी प्रवाळ नेमकं कुठंय, ते शोधावं लागतं.

अशा वेळी आपण काय करतो? दुकानात जातो. मीही गेले होते.

एसवायला असताना रूमवर माझा १०० लिटरचा टँक होता. दुकानदारानं एक बाटली हातात ठेवली. म्हणाला, 'दोन झाकणं टाक, तीन दिवसांत साफ.' खरंच साफ झालं. चौथ्या दिवशी पाणी गढूळ झालं. पाचव्या दिवशी सकाळी दोन्ही मासे वर येऊन धापा टाकत होते. मेलेलं शेवाळ टँकमध्येच कुजत होतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवत होतं. एक मासा गेला. दुसरा वाचला, कारण रूममेटकडे जास्तीचा एअर पंप होता.

तीन आठवड्यांनी शेवाळ परत हजर. आधीपेक्षा दाट.

तेव्हा दुकानदाराचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, निम्मी चूक माझीच. शेवाळ घालवायचं कसं, एवढंच मी विचारलं. ते एवढं माजलंय म्हणजे जेवतंय काय, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

जमा किती, खर्च किती?

आपण माशांना खाद्य टाकतो. त्यातलं थोडं त्यांच्या अंगी लागतं, उरलेलं अमोनिया होऊन पाण्यात येतं. खडकावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया माशांना विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. म्हणून टँक 'सायकल' झाला की आपण निर्धास्त होतो. पण ते नायट्रेट पुढे जातं कुठे? बहुतेक कुठेच नाही. साचत राहतं. फॉस्फेटचंही तेच.

किती साचतं, ते बारावीच्या केमिस्ट्रीनंच काढू या. कोरड्या खाद्यात ४५ टक्के प्रथिनं धरा. प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन. तो सगळा नायट्रेट झाला तर ३२० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट बनतं. १०० लिटर पाण्यात ते झालं ३ पीपीएमहून थोडं जास्त. रोज अर्धा ग्रॅम खाद्य टाकलं, तर आठवड्याला ११ पीपीएमची भर. यातलं निम्मं माशांच्या अंगी लागलं आणि खडकाच्या आतल्या जिवाणूंनी संपवलं, असं अगदी उदारपणे धरू. तरी साडेपाच उरतातच.

'पण मी दर रविवारी १० टक्के पाणी बदलतो ना!' बदला की. १० टक्के पाण्याबरोबर १० टक्केच नायट्रेट जातं. दर आठवड्याला साडेपाचची जमा आणि असलेल्याच्या एकदशांश खर्च. हे गणित ५५ पीपीएमला पोचल्यावर थांबतं, त्याआधी नाही. खऱ्या प्रवाळ खडकांवरच्या समुद्रात नायट्रेट १ पीपीएमच्याही खाली असतं. शिवाय लिटरला ३५ ग्रॅम या हिशोबानं या पाणीबदलीला वर्षाला १८ किलो सागरी मीठ लागतं. पॉकेटमनी कुठे जातो, ते कळलं?

आता बाटलीकडे परत बघा. बाटलीनं शेवाळ मारलं, पण शेवाळानं खाल्लेलं नायट्रेट आणि फॉस्फेट टँकमध्येच राहिलं. कुजलं, विरघळलं आणि पुढच्या पिकाला खत म्हणून मिळालं. पैसे देऊन मी शेवाळाची शेती करत होते.

शेवाळाची जागा बदला

यावरचा उपाय नवा नाही. तुमच्या-माझ्या जन्माच्या आधीचा आहे. वॉल्टर एडी हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले शैवालतज्ज्ञ. खऱ्या रीफवर खडकाला गालिच्यासारखं चिकटलेलं बुटकं शेवाळ असतं. लाटांनी ते सतत हलतं, उन्हात भराभर वाढतं, मासे ते भराभर कुरतडतात. एडींनी हाच गालिचा मुख्य टँकच्या बाहेर एका उथळ पन्हाळीत जाळीवर वाढवला. वर प्रखर दिवे लावले आणि कलंडणाऱ्या बादलीतून लाटेसारखं पाणी सोडलं. जाळी भरली की खरडायची आणि शेवाळ बाहेर काढायचं. १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्यांनी याच तंत्रावर जिवंत रीफ मांडलं. १९८२ मध्ये 'अल्गल टर्फ स्क्रबर'चं पेटंट मिळालं. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला सुरू झालेल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या मत्स्यालयानंही हीच पद्धत वापरली.

कल्पना इतकी सोपी आहे की हसू येतं. शेवाळ उगवणारच असेल, तर ते आपण ठरवू तिथे उगवू दे. टँकपेक्षा तिथे जास्त उजेड, जास्त वाहतं पाणी आणि धरून बसायला खरखरीत जागा द्या. ते तिथलं सोडून खडकावर कशाला तडफडेल? वाढताना ते नायट्रेट, फॉस्फेट आणि सरळ अमोनियाही ओढून घेतं. आठवड्यानं तुम्ही ते खरडून टाकलं की तुमच्या वहीतला 'खर्च' पहिल्यांदा खरा होतो.

घरगुती आवृत्ती म्हणजे छोटा धबधबा. माझी सांगते. भरतकामाची प्लास्टिकची जाळी असते ना, तिचा चार बाय चार इंचांचा तुकडा. करवतीच्या पात्यानं दोन्ही बाजूंनी मनसोक्त खरवडलेला, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर शेवाळ टिकत नाही. पीव्हीसी पाइपला तीन मिलिमीटरची खाच पाडून जाळी त्यात अडकवली. छोट्या पंपानं पाणी पाइपात चढतं आणि जाळीवरून पातळ पडद्यासारखं खाली उतरतं. प्रवाहाचा ठोकताळा असा, की जाळीच्या दर इंच रुंदीला तासाला १३० लिटर. म्हणजे मला पाचशेच्या आसपास. दोन्ही बाजूंना लाल एलईडी, झाडांसाठी मिळतात ते. जाळीचा आकार टँकच्या लिटरवर नाही, खाद्यावर ठरवायचा. रोज फ्रोझन खाद्याचा एक क्यूब टाकत असाल, तर दोन्ही बाजूंनी उजेड असलेली १२ चौरस इंच जाळी. दिवे रात्री चालू ठेवा. टँकमध्ये अंधार असताना पीएच घसरतो, तो या शेवाळामुळे सावरतो. आणि खारं पाणी-वीज ही जोडी धोक्याची आहे. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही.

पहिले दोन-तीन आठवडे जाळीवर तपकिरी चिकट थर येतो. बघून जीव जातो. घाबरू नका. मग हिरवं येतं. माझ्या टँकमधलं नायट्रेट तीन महिन्यांत ४० वरून ५ वर आलं. खडकावरचं शेवाळ मी मारलं नाही, ते उपाशी राहून गेलं.

पण रविवार चुकवायचा नाही

इथपर्यंत वाचून 'भारी आहे, लावून टाकू' म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. माझं खरं म्हणणं इथून पुढे आहे.

स्क्रबर म्हणजे जाळी नाही, पंप नाही, दिवा तर नाहीच. स्क्रबर म्हणजे दर आठवड्याचं खरडणं. शेवाळाचा थर जाड झाला की तळाशी उजेड पोचत नाही. खालचं शेवाळ मरतं, सुटतं, पाण्यात पडतं आणि पोटात घेतलेलं सगळं परत करतं. परीक्षेच्या महिन्यात मी चार रविवार चुकवले. नायट्रेट मुकाट्यानं २० वर गेलं होतं. हजारो रुपयांचं यंत्र घेऊन फोटो टाकणारे खूप भेटतात. खरडणारे कमी भेटतात.

हे फक्त आपल्या रूमवर होतं असं नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात बायोस्फिअर-२ नावाच्या काचेच्या बंद इमारतीत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली. आत छोटा समुद्र होता, त्यात प्रवाळ होती आणि पाणी राखायला शेवाळाचे स्क्रबर. ते खरडायचं काम त्या माणसांनाच हातानं करावं लागायचं. एवढा मोठा प्रयोग, पण खरडणीला पर्याय तिथेही नव्हता.

आणि स्क्रबर म्हणजे जादूही नाही. शेवाळामुळे पाण्याला पिवळसर झाक येते, ही त्याच्यावरची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवला की झाक जाते. दुसरं टोक म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेण्याचा हट्ट. प्रवाळांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही खायला लागतं. पाणी अगदीच कोरं झालं की प्रवाळ फिकट पडतं आणि डायनोफ्लॅजेलेट नावाची चिकट ब्याद माजू शकते. उलट फॉस्फेट फार झालं की दगडी प्रवाळांचं सांगाडा बांधण्याचं काम अडतं. म्हणून टेस्ट किट हवंच. 'स्किमर चांगला की स्क्रबर' हे भांडणही फुकाचं. स्किमर सेंद्रिय घाण कुजायच्या आत फेसाबरोबर बाहेर काढतो, पण नायट्रेट झालेलं त्याच्या हाती लागत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

आणखी एक अट, आणि हिच्यात सूट नाही. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात आणि तुटलेला प्रवाळाचा तुकडा दिसला, तरी उचलायचा नाही. दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्या रांगेत. समुद्र ओरबाडून घरात समुद्र मांडणं याला छंद म्हणत नाहीत.

मला विचाराल तर खाऱ्या पाण्याच्या टँकनं मला माशांपेक्षा हिशोब जास्त शिकवला. गावातल्या तलावावर जलपर्णी काढण्याची मोहीम बघता ना? वर्षानुवर्षं तीच जलपर्णी, तीच मशिनं. काढलेली जलपर्णी काठावरच कुजत ठेवली तर पहिल्या पावसात सगळं सत्त्व परत तलावात. आणि वरून सांडपाणी येतच राहिलं तर मोहिमेचा पुढचा रविवार ठरलेलाच. माझ्या बाटलीची ही मोठी बहीण. आत काय येतंय ते मोजायचं नाही, बाहेर काय जातंय ते बघायचं नाही, फक्त हिरवं दिसलं की चिडायचं.

तेव्हा टँक घ्यायचा विचार असेल, तर आधी स्वतःला एवढंच विचारा, दर रविवारी पंधरा मिनिटं नक्की देता येतील का? नसतील तर नका घेऊ, त्यात कमीपणा काही नाही. असतील तर बाटल्यांच्या दुकानाआधी भरतकामाच्या दुकानात जा.

माझा तो वाचलेला क्लाउनफिश अजून आहे. रविवारी मी जाळी काढून बेसिनमध्ये गोड्या पाण्याखाली धरते, जुन्या एटीएम कार्डानं खरडते, पातळ हिरवा थर मुद्दाम ठेवते. मूठभर ओलं शेवाळ निघतं. ते नीट धुऊन कुंडीत जातं. आठवडाभर टाकलेल्या खाद्याचा तो उरलेला हिशोब. मूठ रिकामी निघाली, तर समजायचं की तो हिशोब अजून टँकमध्येच आहे.