निंबोळीवर मालकी कुणाची?



निंबोळीशी रेल्वे-पोस्टाच्या युनियनचा काय संबंध, असे काही साथी विचारतात. संबंध आहे! आपल्यातल्या कित्येकांचा सातबारा अजून गावी आहे, आणि लुटीची रीत शेतात व कारखान्यात एकच आहे.

१९९४ साली युरोपियन पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना पेटंट बहाल केले. कशाचे? कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे! पिढ्यान् पिढ्या निंबोळी कुटणारा आमचा शेतकरी जणू अडाणीच होता. १९९५ साली वंदना शिवा, युरोपियन संसदेतील ग्रीन गट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी हरकत घेतली. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये झालेल्या चाचण्यांचा पुरावा पुढे आला. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. कंपनी अपिलात गेली, तेही मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले.

विजय झाला, पण जे आजीला ठाऊक होते ते सिद्ध करायला दहा वर्षे लागली! चोराने मुद्देमाल दाखवायचा की घरमालकाने पावती? नोंद नसलेला ओव्हरटाइम साहेब मान्य करत नाही, हा आपला रोजचा अनुभव. इथेही तेच. ज्याचे ज्ञान कागदावर नाही, त्याचे ज्ञान बेवारस ठरते.

बाहेरच्या चोराशी लढलो, पण घरचे दार कोण उघडते आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक लोकांना लाभाचा वाटा देऊ केला. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्या वाट्यातून सूट दिली आणि कायदा मोडणाऱ्याची कैद काढून नुसता दंड ठेवला. दंड भरणे बड्या कंपनीला जड नाही. म्हणजे नोंद नाही तर हक्क नाही, आणि ग्रंथात नोंद आहे तर वाटा नाही! हा कुठला न्याय?

आमची मागणी स्पष्ट आहे. ही सूट रद्द करा. प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही ग्रामसभेत, जाणत्या शेतकरी बायाबापड्यांना विचारून भरा. आणि साथींनो, सुटीवर गावी जाल तेव्हा ती नोंदवही मागून बघा. कोरी असेल तर ग्रामसभेत उभे राहून जाब विचारा.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!